कुणाच्या गॅलरीत?

“संध्याकाळी गॅलरीत कार्यक्रम आहे, यायला उशीर होईल,” असं मी सांगितलं तेव्हा आई गवार मोडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, “कुणाच्या गॅलरीत?”

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची, कुंड्या ठेवायची आणि खालून वरात चालली की धावत जाऊन उभं राहायची जागा. मी म्हटलं, “तशी नाही गं, चित्रांची गॅलरी. प्रभात रोडच्या एका गल्लीत. प्रायोगिक संगीत आहे.”

“प्रायोगिक म्हणजे?”

“म्हणजे काय वाजवायचं ते आधी ठरलेलं नसतं. राग नाही, ताल नाही. तिथल्या तिथे सुचेल ते.”

“मग तालीम कशाची करतात?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं तर मला जायचंही नव्हतं. मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर एक काळंपांढरं पोस्टर पाठवलं होतं. त्यावर चार नावं होती आणि त्यातलं एकही मला माहीत नव्हतं. खाली लिहिलं होतं, ‘प्रवेशमूल्य ऐच्छिक’. मी नेहमीसारखा ‘बघते’ असा रिप्लाय दिला. तिला या ‘बघते’चा अर्थ ठाऊक आहे. तीन वर्षं ती तो ऐकते आहे. या वेळी ती सरळ गाडी घेऊन दारात आली.

तीन वर्षांचा हिशोब सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी बारा वर्षं तबला शिकले. नुसता छंद म्हणून नाही. विशारद झाले, स्पर्धा केल्या, साथीला बसले, कॉलेजात असताना लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्या. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये पावसात गाडी घसरली आणि उजव्या हाताच्या तर्जनीचं मधलं पेर मोडलं. हाड जुळलं. फिजिओथेरपी झाली, मेणाच्या वाफाऱ्यापासून रबरी चेंडूपर्यंत सगळं झालं. आता मी टाइप करते, गाडी चालवते, पोळ्या लाटते. फक्त ते पेर पूर्ण वाकत नाही आणि बोट झटकन उठत नाही.

तबला न वाजवणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण तबल्यातला साधा ‘ना’ घ्या. अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटीवर पडून त्याच क्षणी उठते. ते उठणं म्हणजेच ‘ना’. माझी तर्जनी पडते आणि क्षणभर तिथेच राहते. ‘ना’ ऐकू येतो, पण त्याला टोक येत नाही. विलंबित लयीत खपून जातं. लय वाढली की सगळं गढूळ होतं.

ना म्हणजे काय, हे मी नंतर एका वेगळ्या वाटेने वाचलं. साधा ढोल किंवा ड्रम वाजवला की त्यातून जे वेगवेगळे ध्वनी निघतात, त्यांचा एकमेकांशी सुरेल संबंध नसतो. म्हणून तो ‘आवाज’ वाटतो, ‘सूर’ वाटत नाही. आपल्याकडच्या कारागिरांनी पुडीवर मध्यभागी शाईचा थर चढवून तिचं वजन वाढवलं आणि ते विस्कटलेले ध्वनी जवळजवळ एका सरळ श्रेणीत आणून बसवले. म्हणून तबला षड्जात लावता येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासोबत ‘नेचर’मध्ये यावर टिपण लिहिलं होतं. मला ते वाचून अभिमान वाटला आणि रडूही आलं. गोंगाटातून सूर काढण्याची इतकी नेमकी व्यवस्था, आणि माझं एक पेर त्या व्यवस्थेबाहेर गेलेलं.

आणखी एक गोष्ट. आमचे सर कधी ओरडायचे नाहीत. कोणी चुकलं की ते हार्मोनियमवरचा लेहरा थांबवायचे. बस. क्लासमध्ये एकदम शांतता व्हायची आणि प्रत्येकाला कळायचं की कोण चुकलं. शांतता झाली म्हणजे कोणीतरी चुकलं, असं समीकरण माझ्या अंगात तिथपासून बसलेलं आहे.

अपघातानंतर मी मैफलींना जाणं बंद केलं. ‘सवाई’लाही गेले नाही. ऐकायला आवडेनासं झालं होतं असं नाही. पण मांडीवर हात आपोआप मात्रा मोजू लागायचा, खालीवर उलटायचा, समेवर पडायचा. शेजारच्या अनोळखी माणसाचा हातही त्याच क्षणी पडायचा. आणि मला वाटायचं, मी अशा घरात आले आहे जिथली किल्ली माझ्याकडे राहिलेली नाही.

*

गॅलरी म्हणजे एका जुन्या बंगल्याचं गॅरेज होतं. लाल कोब्याची जमीन, पांढऱ्या भिंती, वर पत्रा. भिंतींवर कोणाच्या तरी लाकडी ठशांची प्रिंट्स लावलेली. सतरंजीवर आणि पंधराएक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मिळून आम्ही पंचवीसच्या आसपास माणसं. दाराशी स्टीलचा डबा आणि त्याला चिकटवलेला क्यूआर कोड. कोपऱ्यात एक पितळी डग्गा होता आणि त्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवलेली होती. मी तिकडे पाठ करून बसले.

आयोजक मुलगी पुढे येऊन म्हणाली, “फोन सायलेंटवर ठेवा. आणि वाजलाच तर वाजू द्या, फक्त उचलू नका.” लोक हसले.

पहिला मुलगा लॅपटॉप घेऊन बसला. पंचवीसेक मिनिटं एक घुरघुर चालली. ती हळूहळू जाड झाली, मग पातळ झाली. प्रामाणिकपणे सांगते, मला कंटाळा आला. मी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा ऑफिसचा मेल पाहिला. माझा हात मांडीवर मात्रा शोधत होता आणि त्याला काही सापडत नव्हतं. रेंज नसलेल्या ठिकाणी फोन जसा सारखं नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी उतरत जाते, तसं माझं झालं होतं. मनात बारा वर्षांचा रियाज फणा काढून बसला होता: हे काय, हे तर कोणीही करेल.

मग एक बाई आणि एक ट्रम्पेटवादक आले. बाई गायल्या म्हणवत नाही. त्या श्वास घेत होत्या, जिभेने टाळूवर टक्‌ टक्‌ करत होत्या, कधी घशातून दार करकरल्यासारखा आवाज काढत होत्या. ट्रम्पेटवाल्याने बराच वेळ सूर म्हणून काही काढलाच नाही. नुसती हवा जात होती. मग त्याने ट्रम्पेटच्या तोंडावर आमटीची वाटी धरली आणि ती थोडी उघडत, थोडी मिटत राहिला. वर पत्र्यावर पाऊस सुरू झाला होता.

आणि दोघं थांबले.

माझ्या छातीत धस्स झालं. कोण चुकलं? मी दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. कोणीच चुकलं नव्हतं. ते पाऊस ऐकत होते. खोलीतला प्रत्येक जण तोच पाऊस ऐकत होता. मीही ऐकू लागले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

सतरंजीवर खुसखुस पिकली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दातांमधून एक लांब ‘श्श्श’ सोडला, शिट्टी विरली होती त्याच उंचीवर. ट्रम्पेटवाल्याने त्याखाली नुसती हवा धरली. पाऊस, हवा आणि तो श्श्श, तिन्हींतलं काय कुठून येतंय ते कळेनासं झालं. दुसरी शिट्टी आली तेव्हा कोणी हसलं नाही. आता सगळेच तिसरीची वाट पाहत होते. मी तर पाहतच होते. दोन पल्ले झाले म्हणजे तिसरा येणार, तिहाई पुरी होणार आणि समेवर पडणार. माझा हात मांडीच्या वर वीतभर उचललेला होता.

तिसरी शिट्टी आलीच नाही. वर कोणीतरी गॅस बंद केला असावा. ट्रम्पेटवाल्याने अलगद वाटी खाली ठेवली. माझा हात हवेतच राहिला होता. आजूबाजूला पाहिलं तर सगळे तसेच, थोडे पुढे झुकलेले, त्या न आलेल्या शिट्टीसाठी. टाळ्या वाजवायला कोणाला सुचेना.

बैठकीत सम येते तेव्हा सगळ्यांना ती कुठे येणार ते माहीत असतं. तिथवर कसं जायचं ही उत्सुकता असते. इथे कोणालाच काही माहीत नव्हतं, तरी पंचवीस माणसं एका क्षणावर येऊन उभी राहिली होती. हे ‘कोणीही करेल’ असं नव्हतं. मी तो शब्द मनातल्या मनात मागे घेतला.

या शांततेच्या गोष्टीला मोठा इतिहास आहे. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकमध्ये डेव्हिड ट्यूडर पियानोवर बसले आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद त्यांनी एकही सूर वाजवला नाही. ती रचना जॉन केज यांची. प्रेक्षक चिडले. केज यांनी नंतर सांगितलं की तिथे शांतता नव्हतीच. बाहेर वारा होता, मग छपरावर पाऊस वाजला. याच केज यांना १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई भेटल्या होत्या. त्यांनी केज यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं आणि बदल्यात त्यांना भारतीय संगीत शिकवलं. गीताबाई स्वतः पखवाज वाजवत. बायका पखवाजाला हात लावत नसत अशा काळात. पुढे १९६९ मध्ये तेच ट्यूडर अहमदाबादला आले आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेत म्हणजे एनआयडीत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. तिथे गीताबाईंसह काही भारतीय संगीतकारांनी काम केलं. त्या टेप्स अनेक वर्षं कपाटात पडून होत्या. संगीतकार पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा संग्रह निघाला. म्हणजे हे सगळं ‘तिकडचं’ आहे असंही म्हणता येत नाही. त्या धाग्याचं एक टोक पखवाजाच्या पुडीला बांधलेलं आहे.

*

तिसरे वादक पन्नाशीचे होते. गिटार त्यांनी टेबलावर आडवी ठेवली होती, शिवणयंत्रावर कापड ठेवावं तशी. १९६५ मध्ये लंडनला सुरू झालेल्या एएमएम या गटात कीथ रो यांनी गिटार अशी आडवी घातली, तेव्हापासून ती जगभर अनेकांनी घातली आहे. यांच्या टेबलावर आणखी बरंच होतं: बॅटरीवरचा छोटा पंखा, डबल बासचा गज, स्टीलची थाळी आणि तिला चिकटवलेली पितळेच्या रुपयाएवढी चकती. ती पिएझो चकती. तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळते. तिच्यावर दाब पडला की वीज तयार होते. गॅसच्या लायटरमध्ये ठिणगी पडते तीही याच तत्त्वावर. साधा माइक हवेतला आवाज ऐकतो. ही चकती ज्या वस्तूला चिकटवली तिच्या अंगातली थरथर ऐकते.

त्यांनी थाळीच्या काठावरून गज ओढला आणि गॅरेजभर असा आवाज पसरला की माझ्या दाढा शिवशिवल्या. मध्येच एक केबल ढिली झाली आणि स्पीकर ‘खर्रर्र’ करू लागला. मला वाटलं, आता थांबतील, सॉरी म्हणतील. त्यांनी केबलला बोट लावून ती खरखर थोडी कमी-जास्त करून पाहिली, आणि पुढची काही मिनिटं तिच्याच भोवती वाजवत राहिले. शेवटी केबल घट्ट बसवली. ती खरखर थांबल्यावर खोली इतकी मोठी वाटली, की कार्यक्रमाचा शेवट तोच झाला.

मग चहा. स्टीलच्या पेल्यांत, आल्याचा. मी टेबलाजवळ जाऊन ती चकती पाहत होते. त्यांनी माझा हात पाहिला. पेला धरताना माझी तर्जनी सरळ बाहेर राहते.

“काय झालं बोटाला?”

मी सांगितलं. तबल्याचंही सांगितलं. सहसा सांगत नाही, कारण लोक एकतर ‘अरेरे’ म्हणतात किंवा एखाद्या वैद्याचा नंबर देतात. त्यांनी दोन्ही केलं नाही. ते म्हणाले, “डेरेक बेलींचं ‘कार्पल टनल’ ऐकलंय तुम्ही?”

ऐकलं नव्हतं. डेरेक बेली, १९३० मध्ये शेफील्डला जन्मलेले गिटारवादक. तरुणपणी डान्स बँड, नाइट क्लब, स्टुडिओ, अशी पोटापाण्याची कामं करून मग मुक्त उपजेच्या संगीताकडे वळले आणि आयुष्यभर तेच वाजवलं. उत्स्फूर्त वादनावर त्यांनी १९८० मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात सुरुवातीलाच भारतीय संगीताची चर्चा आहे. ते फरक करतात तो असा: एक उपज एखाद्या परंपरेची भाषा बोलते, राग, जॅझ, फ्लामेंको. दुसरी अशी कुठलीच एक भाषा धरत नाही. म्हातारपणी त्यांच्या उजव्या हातातली शक्ती गेली. नखी धरता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, कार्पल टनल सिंड्रोम. त्यांनी ऑपरेशन करून घ्यायचं नाही असं ठरवलं आणि नखीशिवाय, अंगठ्याने वाजवायला नव्याने सुरुवात केली. त्याचंच रेकॉर्डिंग २००५ मध्ये निघालं. त्यातल्या तुकड्यांची नावं आहेत ‘३ आठवड्यांनंतर’, ‘५ आठवड्यांनंतर’, अशी १२ आठवड्यांपर्यंत.

“मग बरे झाले?” मी विचारलं.

“नाही. तो आजार वेगळाच निघाला, मोटर न्यूरॉनचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेले.”

ते हे इतक्या सरळपणे बोलले की मला बरं वाटलं. कोणीतरी पहिल्यांदाच मला शेवट गोड नसलेली गोष्ट सांगत होतं.

“पण ते फार मोठे वादक होते,” मी म्हटलं. “त्यांनी काहीही वाजवलं तरी लोक ऐकणार.”

“हेही खरंच,” ते म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

*

शेवटचा भाग चिठ्ठ्यांचा होता. वादक आणि प्रेक्षक, ज्याला वाटेल त्याने आपलं नाव डब्यात टाकायचं. तीन-तीन नावं काढायची. जे हाती येईल ते घेऊन पाच मिनिटं वाजवायचं. मी अर्थातच नाव टाकलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत माझं नाव निघालं. चिठ्ठीवरचं अक्षर मी ओळखलं. मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिने छताकडे पाहिलं.

‘नाही’ म्हणता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण आयोजक मुलगी तोवर मनीप्लांटची कुंडी उचलून खिडकीत ठेवत होती. तिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, कोपऱ्यात वाद्य आहे एवढंच माहीत होतं. डग्गा माझ्यासमोर आला. पुडीवर कुंडीचा गोल ओला डाग, वाद्या सैल, पावसाळ्याने चामडं पार उतरलेलं. माझा हात आपोआप हातोडी शोधू लागला. हातोडी नव्हती. मी ओढणीची चुंबळ करून त्याखाली सारली. निदान एवढं तरी माझ्या हाताला अजून येत होतं.

माझ्यासोबत त्या श्वासवाल्या बाई होत्या आणि अकरावी-बारावीतला एक मुलगा. त्याच्याकडे खेळण्यातला कीबोर्ड, सेल संपत आलेले, त्यामुळे सूर लावला की तो हळूहळू खाली घसरायचा.

मुलाने सुरुवात केली. सगळी बटणं, सगळ्या पट्ट्या, दोन्ही हातांनी. बाई डोळे मिटून गप्प. मी गप्प. माझा डावा हात मात्रा मोजत होता. एक ते सोळा, पुन्हा एक ते सोळा. मग लक्षात आलं, मी लेहऱ्याची वाट पाहते आहे. कोणीतरी लेहरा धरेल आणि मला जागा सांगेल.

मुलाने अचानक हात उचलले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. कान लाल झालेले. खोलीत शांतता. ती शांतता मी ओळखत होते. ती सरांच्या क्लासमधली होती. त्याला वाटत होतं, आपण चुकलो.

मला त्या क्षणी संगीतातलं काही सुचलं नाही. एवढंच वाटलं की याला असं ठेवायचं नाही. मी डाव्या हाताचं मनगट पुडीवर टेकलं आणि बोटांनी हलकेच ठोकून मनगट पुढे सारलं. घुमारा नव्हताच. उतरलेल्या चामड्यातून एक खोल, ढिला आवाज निघाला, झोपेत कोणी कूस बदलल्यासारखा.

मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि एकच पट्टी दाबली. दाबून धरली. सूर घसरत खाली आला. मी मनगट सारून त्याच्यामागे खाली गेले. पुन्हा एकदा. पुन्हा.

तेव्हा मला एक साधी गोष्ट कळली. माझा डावा हात पूर्ण शाबूत होता. मोडलं ते उजव्या हाताचं बोट. तीन वर्षांत मी या हातालाही काही काम दिलं नव्हतं.

बाईंनी जिभेने ‘टक्‌’ केलं. मी विचार न करता उजव्या तर्जनीने डग्ग्याच्या पितळी पोटावर मारलं. न वाकणारं बोट, सरळ, काडीसारखं. ‘टक्‌’. जवळजवळ तसाच आवाज. त्यांनी डोळे उघडले. आणखी एक टक्‌. आणखी एक. आम्ही दोघी थोडा वेळ तेवढ्यावरच होतो आणि खाली मुलाचा सूर घसरत होता.

मग मी घोळ घातला. टक्‌ टक्‌ जमतंय म्हटल्यावर सवय उसळून आली आणि मी त्यात एक तिहाई बसवायला गेले. पहिला पल्ला वाकडा पडला, दुसऱ्यात बोट अडकलं, तिसरा निघालाच नाही. मी थांबले. लेहरा थांबायची वाट पाहिली.

काहीच थांबलं नाही. मुलाने तो अर्धवट तुकडा, जिथे माझं बोट अडकलं होतं त्या अडखळीसकट, कीबोर्डवर उचलला. तसाच वाजवला. पुन्हा तसाच. तो चिडवत नव्हता. त्याला तो खरंच आवडला होता. बाईंनी त्या अडखळीच्या जागी एक श्वास टाकला. आणि माझी चूक माझ्यासमोर, माझ्याशिवाय, छान चालू राहिली.

टायमर वाजला. पाच मिनिटं झाली होती.

*

परतताना पाऊस थांबला होता. सिग्नलला मी मैत्रिणीला म्हटलं, “माझी चिठ्ठी तू टाकलीस.”

“हो.”

“विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणूनच विचारायचं होतंस.”

ती काही बोलली नाही. नळस्टॉपपर्यंत दोघी गप्प होतो. मग ती म्हणाली, “चुकलं माझं.” मी म्हटलं, “हो.” मला त्या पाच मिनिटांचा आनंद झाला होता आणि तिचा रागही आला होता. दोन्ही खरं होतं. एकाने दुसरं पुसलं जात नव्हतं.

हे इथे लिहून ठेवते, कारण अशा गोष्टी सांगताना पुढे काय अपेक्षित असतं ते मला माहीत आहे. बोट मोडलं, स्वप्न मोडलं, मग एका पावसाळी संध्याकाळी कळलं की संगीत बोटांत नसतंच. असं काही नाही. संगीत बोटांत असतं. बारा वर्षांच्या रियाजाने कमावलेला ‘ना’ पितळेवरच्या एका टकने परत येत नाही. द्रुत तीनतालात रेला चालवताना जे अंगातून वाहतं, ते मला त्या गॅरेजमध्ये मिळालं नाही आणि तिथे मिळणारही नाही. ते गेलं आहे. ‘कार्पल टनल’ मी नंतर ऐकलं. पहिल्यांदा ऐकताना मला ते फार रूक्ष वाटलं. पण त्यात एक गोष्ट ऐकू येते. तो माणूस पूर्वीसारखं वाजवण्याचा प्रयत्न करत नाही. आज हा हात काय करू शकतो, ते तो शांतपणे तपासतो आहे.

घरी आले तेव्हा आई जागी होती. तिने ताट वाढलं. गवारीची भाजी. “कसं झालं तुमचं प्रायोगिक?”

“एक वाईट झालं, दोन चांगली झाली. नंतर मीपण वाजवलं.”

तिचा हात भातावर थांबला. तीन वर्षांत या घरात तो विषय निघालेला नव्हता. तिने फक्त एवढंच विचारलं, “तालमीशिवाय?”

सकाळचा तिचा प्रश्न मला आठवला. मी म्हटलं, “ती माणसं ऐकायची तालीम करतात, बहुतेक. दुसरा काय करतोय ते ऐकायची. माझी ती कच्ची आहे. बारा वर्षं मी लेहरा ऐकला, आणि स्वतःला ऐकलं.”

“जेव,” ती म्हणाली.

रविवारी मी कपाटावरून डग्गा काढला. तबला वरच ठेवला, त्याच्या गवसणीत. डग्ग्याची पुडी तीन पावसाळ्यांनी उतरली होती. हातोडी समोर होती, पण ठोकून चढवली नाही. तसाच मांडीशी घेतला आणि मनगट टेकवून बसले. बराच वेळ काही वाजवलं नाही. मग थोडंसं वाजवलं. खालून भाजीवाला ओरडत गेला, त्याच्यामागे थोडं गेले.

आई दारात येऊन उभी राहिली. “हे कशात आहे? म्हणजे ताल कुठला?”

“कुठलाच नाही.”

“मग तू मध्येच थांबलीस तर मला कळणार कसं?”

“नाही कळणार,” मी म्हटलं.

तिने मोडा ओढला आणि गवारीची जुडी घेऊन तिथेच बसली.